बाईंची वरात

बाईंच्या अंबाड्यात टेस्टर असायचा. दुसऱ्या बायका गजरा माळतात, बाई पिवळ्या मुठीचा टेस्टर खोचायच्या. प्रार्थनेच्या वेळी त्या झेंड्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या की मागच्या रांगेपर्यंत तो पिवळा ठिपका दिसायचा. नव्या मुलांना सुरुवातीला हसू यायचं. मग त्यांना सवय व्हायची. मला काही शेवटपर्यंत ती झाली नाही.

मी शाळेवर रुजू व्हायला गेले तो दिवस आठवतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. कोरेगावात वाढलेली मी, खेळाची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली ती थेट आटपाडीच्या पलीकडं. फाट्यावर एसटीनं सोडलं आणि मी बॅग घेऊन चालत शाळेत पोचले. पटांगणात लष्करी हिरव्या रंगाची एक जुनी जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांवर साडी घट्ट गुंडाळलेली. मी विचारलं, मुख्याध्यापिका कुठं भेटतील. जीपखालून उलटा प्रश्न आला, कोण आलंय? मी नाव सांगितलं.

"नाव ऱ्हाऊ दे. गाव कंचं?"

"कोरेगाव."

"मग कोरेगाव, तिथं चाकावर काळी टेप ठेवलीय, ती दे बघू."

मी टेप दिली. तेवढ्यानं माझी मुलाखत संपली. त्या दिवसापासून मी 'कोरेगाव' झाले. बाई माणसांना गावाच्या नावानंच हाक मारत. आमचे क्लार्क 'शिरवळ' होते, गणिताचे सर 'विटा'. मुलींना वस्तीच्या नावानं हाक. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनासुद्धा त्यांनी एकदा सर्वांसमक्ष 'या मिरज' म्हटलं होतं. माझं खरं नाव त्यांच्या कधी लक्षात राहिलं का, याची मला आजही खात्री नाही.

बाईंचे वडील लष्करात होते, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. निवृत्त होऊन गावी आले ते हातात पकड आणि डोक्यात वायरिंग घेऊनच. घराण्यानं बुद्धाचा धम्म स्वीकारला तेव्हा बाई आईच्या कडेवर होत्या. वडिलांनी पोरीला शिकवलं, बीएड करवलं आणि फावल्या वेळात फ्यूज बांधायलाही शिकवलं. बाईंच्या घरी सकाळी आधी बुद्धवंदना आणि मग बॅटरीच्या पाण्याची तपासणी, हा क्रम कधी मोडला नाही. त्यांचे मिस्टर सांगलीत नोकरीला होते. दर शनिवारी यायचे आणि बायको चालवत असलेल्या जीपमध्ये मागच्या बाकड्यावर, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, अगदी निवांत बसायचे.

ती जीप बाईंनी लष्कराच्या मोडीतल्या गाड्यांच्या लिलावात घेतली होती. गावात त्यावर पुष्कळ चर्चा झाली. बाईमाणसाला जीप कशाला, आणि तीही असली, जिला दारंच नाहीत? बाईंनी कुणाला उत्तर दिलं नाही. आम्हाला मात्र त्यांनी कारण सांगितलं होतं.

तो सगळा मुलूख माळाचा. गाव थोडकं आणि वस्त्या फार, एकेक वस्ती ओढ्यापलीकडं, टेकाडामागं. सातवीनंतर वस्त्यांवरच्या मुली शाळेतून गळायच्या. सगळे म्हणत, लांब पडतं. बाई एका उन्हाळ्यात घराघरांतून हिंडल्या आणि त्यांना कळलं की खरी अडचण लांबीची नव्हतीच. सकाळी तेवढंच अंतर मुली उड्या मारत यायच्या. अडचण होती परतीची. जादा तास झाला, थोडा उशीर झाला, हिवाळ्यात कडूस पडलं, म्हणजे दिवस बुडून अंधारायला लागलं, की आईचा जीव खालीवर व्हायचा. एकदोनदा असं झालं की दप्तर कायमचं खुंटीला.

म्हणून जीप. पण जीपचे मूळचे दिवे इतके मंद की समोरचा दगड टायरखाली आल्यावरच कळायचा. तिथून बाईंचं दिव्यांचं प्रकरण सुरू झालं.

आधी त्यांनी पुढच्या बंपरवर दोन पिवळे हॅलोजन बसवले. मग टपावर लोखंडी पट्टी ठोकून तिथं दोन. मग दोन्ही कुशींना एकेक. सगळं स्वतःच्या हातानं, शाळा सुटल्यावर, साडी खोचून. माळावरून ती जीप येताना लांबून असं वाटायचं की कुणाचं तरी लग्न लागून मिरवणूक निघाली आहे. पोरांनी तिचं नाव ठेवलं 'वरात'. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी फक्त एवढं विचारलं की मग नवरदेव कोण.

सुरुवातीचं वायरिंग मात्र साफ फसलं होतं. बाईंनी सगळ्या दिव्यांच्या वायरी एकाच स्विचवर आणून जोडल्या होत्या. त्यातच ते मिरजेचे साहेब तपासणीला आले आणि संध्याकाळी बाईंनी मोठ्या हौसेनं त्यांना फाट्यावर सोडायला घेतलं. मी मागं बसले होते. ओढ्याच्या उतारावर बाईंनी सगळे दिवे एकदम लावले. माळ लखलखला. साहेबांनी 'वा' म्हटलं आणि त्याच क्षणी डॅशबोर्डातून धूर निघाला. बाईंनी जीप थांबवली, अंबाड्यातला टेस्टर उपसला, स्विच उचकटून बाहेर काढला आणि जळकी वायर ओढून तोडली. हे करताना त्या साहेबांना नव्या वर्गखोलीच्या मागणीबद्दल सांगतच होत्या, वाक्य मध्ये तुटलं नाही. साहेब उरलेली वाट चालत गेले. खोली मात्र मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि मला घेऊन सांगली गाठली. तिथं एक वयस्क मुस्लिम मिस्त्री होते, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, बोलायला मोठे रसाळ. गाडी सोडून जा, संध्याकाळी या, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, गाडी न्हाई सोडायची, मीच इथं बसते. त्यांनी दुकानातलं लाकडी खोकं ओढलं आणि मिस्त्रींच्या शेजारी ठाण मांडलं. दिवसभर त्या दोघांचं भांडण चालू होतं. इतके दिवे कशाला, यावर मिस्त्रींचा जोर. ही वायर अशी का आणि तशी का नाही, यावर बाईंचा. दुपारी मिस्त्रींच्या घरून डबा आला तो आम्ही तिघांनी मिळून खाल्ला आणि भांडण पुढं चालू झालं. निघताना मिस्त्रींनी बाईंना एक जुनी पकड भेट दिली.

त्या दिवशी शिकलेली रिलेची गोष्ट बाईंनी पुढं आम्हाला आणि दहावीच्या वर्गाला अनेकदा सांगितली. "स्विच म्हंजे मुख्याध्यापिका. तिनं नुसता हुकूम सोडायचा. वज्जं उचलायचं काम रिलेचं, म्हंजे शिपायाचं. जाड वायर बॅटरीपास्नं थेट शिपायाकडं. मी काय केलं, सगळं वज्जं मुख्याध्यापिकेच्या डोक्यावर दिलं. मग जळंल न्हाईतर काय हुईल."

तिथूनच त्यांचं दुसरं आवडतं वाक्य आलं. दिवा फडफडायला लागला की मिस्त्री म्हणायचे, अर्थ कच्चा आहे, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला नीट टेकलेली नाही. बाईंनी ते माणसांना लावलं. शब्द मोठे आणि करणी नाही असा कुणी भेटला, की तो गेल्यावर त्या शांतपणे म्हणत, "अर्थ कच्चा हाय."

त्या दिव्यांचा उपयोग पाहायचा तर बाईंबरोबर एकदा संध्याकाळी हिंडायला हवं होतं. जीप जिथवर जाई तिथवर नेऊन त्या थांबायच्या. पुढं नुसती पायवाट. मुलगी उतरायची. बाई उठून उभ्या राहायच्या, टपावरचा दिवा हातानं वळवायच्या आणि पायवाटेवर धरायच्या. उजेडाच्या त्या पट्ट्यातून मुलगी चालत जायची, तिची लांबच लांब सावली तिच्या पुढं. दारात पोचली की आई कंदील वर उचलायची. मग बाई दिवा पुढच्या वस्तीकडं वळवायच्या. घाई कधी नाही. एखाद्या वस्तीवर कंदील उशिरा वर झाला तर त्या तेवढा वेळ हात वर करून दिवा धरून उभ्या राहत.

या भरवशावर मी मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला. वस्तीवरच्या मुली, पाय काटक, दम मोठा, भीती कमी. दोन वर्षांत संघ असा तयार झाला की मला स्वतःलाच हेवा वाटावा.

शाळेचे अध्यक्ष मात्र या सगळ्यावर नाराज होते. तसे माणूस म्हणून चांगले. शाळेला जमीन त्यांनीच दिलेली. पण मुली सांजवेळेपर्यंत मैदानावर, त्यांना सोडायला दिव्यांची जीप, हे त्यांना पटत नव्हतं. ते म्हणत, लोक विचारतात, ही शाळा आहे की जत्रा. सभेत त्यांनी सांगून टाकलं की मुलींचा खेळ एवढ्या वर्षापुरता, पुढं बंद. बाई त्यावर भांडल्या नाहीत. त्यांनी इतकंच मागितलं की यंदाचे तालुक्याचे सामने आपल्या मैदानावर होऊ द्यावेत आणि अध्यक्षांनी अंतिम सामन्याला यावं.

सामने हिवाळ्यात झाले. दिवसभर इतके रेंगाळले की आमचा अंतिम सामना सुरू झाला तोच उन्हं कलल्यावर. समोर तालुक्याच्या मोठ्या शाळेचा संघ, दरवर्षी जिंकणारा. वस्त्यांवरून आईबाप आले होते, कित्येकांनी आपल्या मुलींना खेळताना पहिल्यांदाच पाहिलं. मध्यंतराला आम्ही थोड्या गुणांनी मागं होतो. मैदानावर तारेला बल्ब टांगले होते ते लावायला गेलो तर गावातली वीज गेलेली. आणि बघता बघता कडूस पडलं.

समोरच्या संघाच्या व्यवस्थापकांनी पंचांना सांगितलं की फक्कीच्या रेषा दिसत नाहीत, सामना इथंच थांबवा आणि आहे त्या गुणांवर निकाल द्या. पंच विचारात पडले. नियमाला धरून बोलणं होतं. माझ्या मुली मातीत बसल्या होत्या. अध्यक्ष खुर्चीतून उठायच्या तयारीत होते. मला आठवतं, माझ्या मनात एकच आलं की आता हे संपलं, उद्यापासून या पोरी घरी.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. बाईंनी वरात मैदानाच्या कडेला आणून लावली आणि सगळे दिवे मैदानावर सोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण समोरच्या मुलींनी डोळ्यांवर हात घेतले. त्यांचे सर म्हणाले, असं खेळता येणार नाही. आमची कर्णधारही उठली आणि जीपजवळ जाऊन म्हणाली, "बाई, डोळ्यात जातंय. आमालाबी दिसंना."

बाईंनी दिवे बंद केले. मान वळवून एकदा शाळेकडं पाहिलं. मग त्यांनी जीप वळवली, मैदान आणि शाळा यांच्या मधल्या जागेत नेली, मैदानाकडं पाठ करून उभी केली आणि दिवे पुन्हा लावले. या वेळी सगळा उजेड शाळेच्या भिंतीवर पडला. नुकताच चुना मारलेली लांबलचक पांढरी भिंत. तिच्यावरून तो उजेड परतून मैदानावर आला, मऊ, सगळीकडं सारखा, कुणाच्या डोळ्यांत न जाणारा. पंच रेषेरेषेनं चालत गेले, जागोजागी वाकले, मग शिट्टी तोंडात धरून त्यांनी दोन्ही संघांना हात केला.

एक अडचण होती. एवढे दिवे ओढायचे तर इंजिन चढं ठेवायला हवं, नाहीतर बॅटरी बसणार. म्हणून बाईंना ॲक्सिलरेटरवर पाय दाबून गाडीतच बसणं भाग होतं, भिंतीकडं तोंड करून. ज्या सामन्यासाठी त्यांनी सगळं केलं तो त्यांना दिसतच नव्हता. आरसा इतका थरथरत होता की त्यात मुलींचे नुसते ठिपके. पाठीमागं दम घुमत होता, लोक ओरडत होते आणि बाई पांढऱ्या भिंतीकडं बघत बसल्या होत्या.

आम्ही गुण भरून काढत होतो. बरोबरी जवळ आली आणि उजेड फडफडला. एकदा, पुन्हा एकदा. बाईंना कारण लगेच कळलं. मी मैदानाच्या रेषेवर अडकलेली, 'शिरवळ' गुणफलकावर. जीपच्या सगळ्यात जवळ होते ते अध्यक्ष. बाईंनी मान न वळवता त्यांना सांगितलं, "अध्यक्ष, बॉनेट उघडा. उजव्या अंगाला जाड काळी वायर हाय. तिचं टोक पत्र्याला दाबून धरा. अर्थ कच्चा झालाय."

अध्यक्षांनी इकडंतिकडं पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी बॉनेट वर केलं, वायर हुडकली, खांद्यावरच्या उपरण्याचं टोक हाताला गुंडाळलं आणि वायर दाबून धरली. उजेड स्थिर झाला.

आता तिथून त्यांना मैदान दिसत होतं आणि बाईंना दिसत नव्हतं. पुढचं मला दोघांनीही नंतर सांगितलं, दोघांचं सांगणं जुळलं. बाईंनी विचारलं, काय झालं. अध्यक्ष म्हणाले, तुमची एक पोरगी बाद झाली. मग म्हणाले, त्यांची एक धरली. मग न विचारता सांगू लागले. कोण चढाईला गेली, कुणाचा पाय निसटला, कोपऱ्यातली बारकी कशी दबा धरून आहे. वायर तापली होती, उपरण्यातून हाताला चटके बसत होते, तरी त्यांनी हात बदलला नाही आणि बोलणंही थांबवलं नाही.

बरोबरी झाली. शेवटची चढाई त्यांची. त्यांची सर्वांत तगडी मुलगी आत आली. आमच्या कोपऱ्यातल्या बारकीनं झेप घेऊन तिचा घोटा धरला. ती मुलगी बारकीला फरपटत मध्यरेषेकडं निघाली, पडली, हात लांब केला आणि दम तुटला. दोन्हीकडून एकदम गलका उठला. त्यांचे लोक म्हणत, बोट रेषेला लागलं. आमचे म्हणत, नाही.

पंचांनी सगळ्यांना मागं सारलं. ते गुडघ्यांवर बसले. भिंतीवरून येणारा तो तिरपा उजेड मातीवर पसरला होता, त्यात मातीचा कण न् कण उठून दिसत होता. मुलीच्या बोटांचे ओरखडे रेषेच्या अलीकडं थांबले होते. मध्ये बोटभर कोरी माती. फक्की जशीच्या तशी. पंचांनी समोरच्या संघाच्या सरांना बोलावून ते दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ उभे राहिले आणि आधी माझ्याकडं येऊन माझ्याशी हात मिळवला.

अध्यक्ष बाईंना एवढंच म्हणाले, "आवं बाई, जिंकलो की आपन."

त्यांच्या तळहाताला त्या वायरीचा डाग कायमचा राहिला. पुढं कितीतरी वर्षं ते आल्यागेल्याला तो हात दाखवत आणि कबड्डीत झालेली जखम म्हणून सांगत. खेळ बंद करायची भाषा त्यांनी पुन्हा काढली नाही. त्या संघातली बारकी पुढं पोलीस झाली. दोघी शिक्षिका झाल्या. मी नंतर बदलीनं साताऱ्याला आले आणि पुष्कळ संघ घडवले, मोठ्या मैदानांवर, खांबांवरच्या मोठ्या दिव्यांखाली. पण विचाराल तर मी त्या संध्याकाळबद्दलच सांगेन.

शिट्टी झाली तेव्हा बाईंनी आनंदाच्या भरात इंजिन बंद केलं, दिवे तसेच जळते ठेवले आणि खाली उडी मारली. मुली त्यांना जाऊन बिलगल्या, मातीनं माखलेल्या तशाच. बाईंची साडी पार मळली. टेस्टर कुठं पडला कळलंच नाही. कुणीतरी गुलाल आणला. मग सगळे म्हणाले, मिरवणूक काढू, गावातून वरात नेऊ. बाई पुन्हा जाऊन बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. बॅटरी पार रिकामी झाली होती. दिवा नाही, इंजिन नाही.

"ढकला," बाई म्हणाल्या.

सगळ्या मैदानानं जीपला हात लावला. माझ्या मुली, त्यांचे बाप, गणिताचे सर, 'शिरवळ', उपरण्यात हात गुंडाळलेले अध्यक्ष. पलीकडच्या संघाच्या मुलीही आल्या, ती शेवटच्या चढाईची तगडी मुलगी सर्वांत पुढं. जीप हलली, पटांगणातून वेशीकडं उताराला लागली आणि वेग धरू लागली. पुढं अंधारात रस्ताभर माणसं उभी होती, त्यांना बाजूला करायला हवं होतं आणि हॉर्न तर वाजत नव्हता. तेव्हा बाईंनी छाती भरून श्वास घेतला. आम्ही मागून ढकलत होतो आणि आम्हाला ऐकू येत होतं: स्टिअरिंग घट्ट धरून, एका दमात, आवाज कुठंही न तोडता, आमच्या मुख्याध्यापिका म्हणत निघाल्या होत्या, कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी. माणसं हसत बाजूला होत होती. वेशीपर्यंत त्यांचा दम तुटला नाही.